फौजी किसनाचा हेवा

किसना,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. मी हे पुस्तकी मराठीत लिहितो आहे. तू असतास तर हसला असतास, "दिनू, पेपरात छापून आनाचं हाय का बे?" पण आपल्या बोलीत मी तुझ्याशी पन्नास वर्षं बोललो आणि त्यात पुष्कळ वेळा खोटं बोललो. या दुसऱ्या भाषेत कदाचित खरं लिहिता येईल.

तर खरं असं, की तुझ्या मयतीतही मला तुझा हेवा वाटला.

नदीकाठी तुला ठेवलं होतं. मेहकरचे दोन आणि हिवरा आश्रमाकडचे दोन असे चार माजी सैनिक आले. पिकलेल्या मिशा, इस्त्रीचे कोट, छातीवर पदकं. एकाचा गुडघा गेलेला होता, तो काठी टेकत आला. पण रांगेत उभा राहिल्यावर काठी त्याने बाजूच्या माणसाकडे दिली आणि सरळ झाला. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने आवाज दिला आणि चार हात एकदम कपाळाकडे गेले. माझाही उजवा हात उठला. मी उठवला नाही, तो आपला आपणच उठला. छातीपर्यंत आला आणि तिथे मला आठवलं, की हे आपलं नाही. माझ्या शेडमध्ये फौजेच्या चार गाड्या आहेत, डोक्यावर बारा महिने हिरवी टोपी असते, सारा तालुका मला जीपवाले शेठ म्हणतो. पण तो सॅल्यूट माझा नाही. मग मी डावा हातही वर आणला आणि नमस्कार केला.

शेजारी उभ्या असलेल्या सरपंचाला काही कळलं नाही. तुला कळलं असतं. तुझा मुलगा अग्नी देत होता आणि मी मनात म्हणत होतो, माझ्या वेळी कोण येईल? तेलाचे दलाल येतील, पेंडीचे व्यापारी येतील आणि उभ्या उभ्या भाव विचारतील एकमेकांना.

हे आजचं नाही, तुला माहीत आहे. किंवा माहीत नसेल. मी कधी सांगितलं नाही.

आपण सहावीत असताना फौजेचा एक ताफा आपल्या गावाजवळ थांबला होता. रस्त्याच्या कडेला लिंबाची झाडं होती तेव्हा. वीस-पंचवीस ट्रक आणि पुढे एक जीप. शाळा सोडून सगळी पोरं धावली. जवानांनी बिस्किटं वाटली. तू तुझी दोन बिस्किटं खाल्लीस, "शेळ्या सुटल्या असतीन" म्हणालास आणि पळालास. मी तिथेच थांबलो. ताफा जाईपर्यंत त्या जीपच्या टायरवर हात ठेवून उभा होतो. रबर गरम होतं. माझ्या बिस्किटांचं काय झालं ते मला आठवत नाही. सैन्याचं वेड तेव्हापासूनचं, आणि ते माझं होतं. तुझं नव्हतं.

म्हणून तर बुलढाण्याच्या भरतीला मी तुला ओढून नेलं. तुझ्या वावरात काम होतं, मायनं नको म्हटलं होतं. मीच म्हणालो, "एकटा जायले कसंतरी वाटते. चाल ना बे संगतीनं." तुझ्याकडे धड सदरा नव्हता, माझाच पांढरा सदरा घालून तू आलास. तिथे गेल्यावर, आलोच आहे तर धावतो, म्हणून तू धावलास. अनवाणी. आणि पहिल्या पाचात आलास! मीही धावलो, पास झालो. छाती भरली, वजन भरलं. मग डॉक्टरने पाय ओले करून सिमेंटवर उभं राहायला सांगितलं. तुझ्या पायाचा ठसा अर्धा उमटला, मधे छान कमान. माझा अख्खा तळवा उमटला, भाकरीसारखा. डॉक्टरने वरही पाहिलं नाही. "सपाट पाय. पुढचा."

बाहेर तू पेरू घेऊन उभा होतास. मी सांगितलं तेव्हा तुझा चेहरा पडला. "मंग मी बी नाई जात," तू म्हणालास. "मी तं तुह्यासाठी आलतो."

मी म्हणालो, "जाय."

एवढंच. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून झोपेचं सोंग घेतलं. चिखलीला तू मला हलवलंस, चहा विचारलास. मी डोळे उघडले नाहीत. तू माझ्या डोक्याखाली तुझी पिशवी सरकवलीस, तेव्हा मला तुझा इतका राग आला होता, की ती पिशवी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली.

पुढे तू गेलास. मी खामगावला बी. कॉम. केलं आणि बाबांची तेलाची गिरणी सांभाळायला लागलो. गिरणी चालली. तुझी पत्रं यायची. त्यात तू लिहायचास, इकडे थंडी आहे, गाडी चालवायला दिली आहे, मायकडे लक्ष ठेवजो. एवढंच. मला हवं ते त्यात कधीच नसायचं. कोणती गाडी? किती टनाची? बर्फात साखळ्या कशा लावता? मी चार-चार पानं प्रश्न पाठवायचो आणि तू लिहायचास, "गाडी मोठी आहे."

मग मी स्वतःच घ्यायला लागलो. फौजेनं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावात पहिली जीप घेतली. ती मेहकरात आली त्या दिवशी गिरणीसमोर ही गर्दी. दोन महिने मी तिचा गंज खरवडून काढला, जुना हिरवा रंग शोधून आणला. तू सुट्टीवर आलास तेव्हा मी तुला मुद्दाम काही न सांगता शेडकडे नेलं. मला तुझा चेहरा पाहायचा होता.

तू एकदा जीपभोवती फिरलास. मग न विचारता खाली गेलास, पाठीवर सरकत. थोड्या वेळाने आतून तुझा आवाज आला, "दिनू, हे दवाखान्याची गाडी व्हय बे. इथं स्ट्रेचर बांधाचे भोकं हायेत. बुजवले तुनं."

मी पुट्टी भरून ती भोकं बुजवली होती. मला वाटलं होतं, कुणीतरी उगाच पाडलेली आहेत. तू सहज बोललास, हातात लागलेलं ग्रीस पुसत. पण मला कळलं, की दोन महिने मी जिच्यावर जीव टाकला तिला तू दोन मिनिटांत माझ्यापेक्षा जास्त ओळखलंस. ती भोकं मी पुन्हा उघडली. जीप तूच चालती केलीस, क्लच सोडताना पाय कसा ठेवायचा ते माझा सपाट पाय हातात धरून तूच शिकवलंस. चारचौघांत मी म्हणायचो, "माझा मीच शिकलो." तू समोर बसलेला असायचास आणि मान हलवायचास.

तू हवालदार होऊन निवृत्त झालास आणि गावी आलास, तोपर्यंत माझ्याकडे दोन जीपा आणि एक एकटनी ट्रक झाला होता. आणि तिसरी जीप नुकतीच सापडली होती. खामगावच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, सरकीच्या पोत्यांमागे. महायुद्धाच्या काळातली, डावीकडे स्टिअरिंग असलेली. तू तिला पाहून पहिल्यांदा शीळ घातलीस. पण कधीतरी कुणीतरी तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं होतं आणि ब्लॉक उभा तडकला होता.

त्या एका इंजिनापायी माझी अकरा वर्षं गेली. बेल्जियममधल्या एका म्हाताऱ्या छांदिष्टाकडे तसंच इंजिन होतं, अगदी त्याच सालचं. तो द्यायला तयार होता. मी घ्यायला तयार होतो. मधे सरकार होतं. वापरलेला माल बाहेरून आणायचा तर परवाना लागतो, आणि परवाना मागितला की एक कागद दुसऱ्या कागदाकडे पाठवायचा. माझ्या टेबलावर एक फाईल जाडी होत गेली आणि तू येता-जाता तिच्यावर हात थोपटून विचारायचास, "कशी हाय तब्येत हिची?"

शेवटी नागपूरला प्रत्यक्ष जायचं ठरलं, आणि तू संगतीला आलास. तो दिवस तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही.

परवाने देणारे साहेब तरुण होते. त्यांनी फाईल चाळली.

"इंजिन नवं आहे का?"

"नाही साहेब, महायुद्धातलं आहे."

"म्हणजे वापरलेलं. कारखान्यासाठी हवंय?"

"छंद आहे साहेब. जुन्या लष्करी गाड्यांचा."

"छंदासाठी यात रकाना नाही," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, खरोखरच नव्हता तो रकाना. "आणि लष्करी गाडीचा भाग म्हटल्यावर त्या खात्याचं ना-हरकत पत्र लागेल."

"त्यांना लिहिलं होतं. ते म्हणतात ही गाडी आता आमची नाही."

"मग कठीण आहे," ते म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात त्यांची नजर तुझ्याकडे गेली. तू भिंतीशी उभा होतास, खुर्ची असून. "आपण?"

"हवालदार किसन, सर. रिटायर."

साहेब उठून उभे राहिले, किसना. खुर्ची मागे सरकली तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांचे वडील फौजेत होते म्हणे. त्यांनी तुला बसवलं, चहा मागवला, कुठे कुठे होतात ते विचारलं. मलाही चहा मिळाला, तुझ्यामुळे. मग त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, की नाही होणार. पण या वेळी तुझ्याकडे पाहून आणि इतकं वाईट वाटून, की जणू नकार देताना त्यांनाच लागत होतं. मला मिळालेला नकार कोरडा होता. तुला मिळालेल्या नकाराचाही मला हेवा वाटला. असा मी.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "नाई म्हटलं त्यानं, पन चहा भल्ला पाजला." मी अमरावतीपर्यंत बोललो नाही. तुला वाटलं, इंजिनाचं दुःख.

आता ते लिहितो जे लिहायला मी हा कागद काढला.

प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत माझ्या गाड्या दरवर्षी असायच्या. पुढच्या जीपमध्ये मीच उभा राहायचो, टोपी घालून, आणि गिरणीतला एक जण चालवायचा. तू निवृत्त झालास त्या वर्षी शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "शेठ, यंदा फौजींना उभं करू, तुम्ही चालवा." मी हो म्हटलं. काय म्हणणार? तू पदकं लावून उभा राहिलास, थोडा लाजत. बायकांनी ओवाळलं. पोरं ओरडत होती. एका म्हाताऱ्या माणसाने रस्त्यातच तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि तू घाबरून मागे सरकलास. मी स्टिअरिंगवर. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं ते ड्रायव्हरकडे पाहतात तसं.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक पुन्हा विचारायला आले. मी म्हणालो, "किसनाची तब्येत बरी नाही. डॉक्टरांनी उन्हात उभं राहू नको म्हटलंय."

तुला काही झालेलं नव्हतं. आदल्याच दिवशी तू माझ्या ट्रकचं चाक एकट्याने उतरवलं होतंस.

त्या वर्षी मी उभा होतो. मिरवणूक बसस्थानकाजवळ आली आणि मला तू दिसलास. कोपऱ्यावर, गर्दीत, साध्या सदऱ्यात, नातीला खांद्यावर घेऊन. तू मला पाहिलंस आणि टाळ्या वाजवायला लागलास. नातीलाही सांगितलंस, वाजव. ती छोटी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती. मी हात वर केला. माझा हात कसा दिसला असेल कोण जाणे.

दुपारी तू शेडवर आलास. मला वाटलं, आता विचारशील. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. तू टाचेवर बसलास आणि म्हणालास, "क्लच घासून राह्यला का रे? बसस्टँडपाशी आवाज आला मले." आणि खाली गेलास, पाठीवर सरकत.

तुला कुणी सांगितलं होतं की नव्हतं? मुख्याध्यापकांनी तब्येत विचारली असेल की. गावात एवढं लपत नाही. इतकी वर्षं मी हे धरून बसलो, की तू विचारशील तेव्हा सांगेन. तू विचारलंच नाहीस. आता मला वाटतं, तू मला सांगण्याची वाट पाहत होतास. आणि कधी वाटतं, छे, त्याला फक्त क्लच ऐकू आला. ह्या दोन्हींतलं कोणतं खरं हे सांगायला तू हवा होतास.

मग या हिवाळ्यात ते झालं. जुन्या, संग्रहातल्या गाड्या आणि त्यांचे भाग बाहेरून आणण्याचे नियम सरकारने सैल केले. बातमी पेपरच्या आतल्या पानावर होती आणि ती तूच आधी वाचलीस! सायकल दामटत आलास, कात्रण खिशात. "दिनू, सुटली बे तुही गाडी!" तुझे डोळे भरले होते. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की ही बातमीही यानेच आधी वाचावी. रोज चार पेपर मी घेतो.

मी बेल्जियमला कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं. वडील वारले होते. इंजिन त्यांनी आधीच कुणाला देऊन टाकलं होतं. तिने लिहिलं होतं, वडील तुमची पुष्कळ वर्षं वाट पाहत होते. 

ते उत्तर मी तुला वाचून दाखवलं त्या दुपारी आपलं भांडण झालं. शेवटचं. शेडमध्ये पेंडीचा वास भरला होता, तू तडकलेल्या ब्लॉकवर हात ठेवून बसला होतास.

"मंग आता आयक माह्यं," तू म्हणालास. "खामगावले चाल. तिथला लेथवाला खरादी तडीले टाके घालते. खिळ्याले खिळा लावून बसवते, थेंब गळत नाई. आमी वर बर्फात असे कितीक ब्लॉक चालवले."

"मले जोडलेलं नाई पायजे. असली पायजे."

"असली म्हंजे काय बे?" तू खरंच विचारत होतास. "ह्याच गाडीचा ब्लॉक हाय हा. बाहेरून आनशीन तो दुसऱ्या गाडीचा असंन. मंग असली कोनता?"

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि उत्तर नसलं की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे.

"तू असली हायेस, म्हून तुले समजत नाई," मी म्हणालो. "नकलीचं दुखनं नकली मानसाले इचार. हे टोपी पाय माही. बजारातली हाय. हे गाड्या पाय. लोकं शेठ म्हनतात अन् पाठीमांगं हासतात. तुह्यासारखं फुकट नाई भेटलं मले. तू तं शेळ्या राखाले चाललता!"

तुझं नख ब्लॉकच्या तडीवरून खालीवर फिरत होतं. मग तू सांगितलंस, जे चार-चार पानी प्रश्नांना कधी लिहिलं नव्हतंस. वरच्या एका रस्त्यावर तुझ्या पुढची गाडी घसरून दरीत गेली. तुम्ही दोन दिवस तिथेच थांबून होतात. त्या गाडीतल्या पोरानं सकाळी तुझ्याकडून काडीपेटी मागून नेली होती. "हिरवी गाडी पाह्यली का मले काडीपेटी आठोते," तू म्हणालास. "तुह्याकडे येतो तं तुह्यासाठी येतो. गाड्यायसाठी नाई."

आणि मग, आवाज न चढवता, "माही माय मेली तवा तिच्या तोंडात पानी कोनं घातलं? तुनं. मी चवथ्या दिवशी पोचलो. तिचे शेवटचे बोल तुले माहीत हायेत, मले नाई. मी म्हटलं का कदी तुले, का तू नकली पोरगा व्हय म्हून?"

किसना, त्या क्षणी मला काय वाटलं हे लिहिताना लाज वाटते. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, की तुलाही माझ्याकडचं काहीतरी हवं होतं आणि ते तुला कधीच मिळणार नव्हतं. मी दोन घोट पाणी प्यावं तसं ते सुख प्यालो. तेव्हाच मी तुला मायचे शेवटचे शब्द सांगायला हवे होते. तू थेट मागितले नाहीस, पण मागतच होतास. मी म्हणालो, "चहा घेतो का?"

"नाई," तू म्हणालास, आणि सायकलवर बसलास.

त्यानंतर तू दोनदा येऊन गेलास. आपण सरकीच्या भावाचं बोललो, तुझ्या मिरच्यांचं बोललो. तुझ्या घरी सुमनवहिनी म्हणाल्या, त्या सकाळी तू मिरच्यांना पाणी देत होतास, पंप बंद करायला वाकलास आणि उठला नाहीस.

तर ते शब्द आता लिहितो. फार काही नव्हतं. मायनं मला किसना समजून हात धरला होता. म्हणाली, "सदरा कोनाचा घातला रे? मोठा होऊन राह्यला तुले." मी म्हणालो, "माहाच हाय माय." मग ती हसली आणि झोपली. माझा हात तुझा समजून ती गेली, आणि मी ते तीस वर्षं माझ्याजवळ ठेवून घेतलं, कारण तुझ्याकडे सगळं होतं आणि हे एवढंच माझ्याकडे होतं.

परवा अकोल्याच्या एका डॉक्टरांचा फोन आला. तेही या छंदातले. नियम सुटल्याबरोबर त्यांनी अख्खी जीप बाहेरून मागवली होती, महायुद्धातलीच, आणि ती बंदरातून घरी पोचली होती. "शेठ, पाहायला याच," ते म्हणाले. मी जाणार नव्हतो, पण घरात बसवत नव्हतं.

अंगणात ती उभी होती. एक खिळा बदललेला नाही. पहिल्या टिचकीला सुरू झाली. डॉक्टरांनी मला बसवलं, रस्त्यावर फिरवून आणायला लावली. परत आलो तर ते फाटकात उभे, माझा चेहरा पाहत. ते काय शोधत होते ते मला नीट कळत होतं, मी आयुष्यभर तेच दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. "कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. आणि मला खरंच काही वाटत नव्हतं. मी आत शोधून पाहिलं. डॉक्टरांकडे माझी अकरा वर्षं उभी होती, पॉलिश केलेली, आणि माझ्या पोटात काहीही दुखत नव्हतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी दोनदा "नशीबवान आहात" म्हणालो.

परत येताना वाट पाहत होतो, की आता हेवा वाटेल, पातूरला वाटेल, मालेगावला वाटेल. डोणगाव गेलं. मग मी गाडी कडेला घेतली आणि रडलो. तुझ्या मयतीत रडलो नव्हतो, तेराव्याला रडलो नव्हतो. तिथे स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं रडलो. भर दुपारी, रस्त्यावर.

सोयाबीनचा एक ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला, चाळिशीचा असेल. "काय झालं काका? गाडी बंद पडली का?"

"नाई बा. गाडी चालू हाय."

तो खिडकीशी उभा राहिला. "कोनी गेलं का घरचं?"

"हाव," मी म्हणालो.

"कोन व्हते?"

फौजी होता, हवालदार होता, मोठा मेकॅनिक होता, असं मला सांगता आलं असतं. सारं तोंडात आलं होतं. पण त्या माणसाने विचारलं होतं घरचं कोण, आणि मी म्हणालो, "भाऊ."

"लहाना का मोठा?"

मला सांगता येईना, किसना. आपण एकाच सालचे. आणि तो माणूस, ट्रक सुरू ठेवून, माझं उत्तर यायची वाट पाहत उभा राहिला.